हळदीच्या हंगामातलं इंग्रजी

काल सकाळी साडेसहाला हळदीचा कुकर आमच्या खळ्यावर येऊन उभा राहिला. कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढत आणलेला बॉयलर आणि त्याला जोडलेले चार लोखंडी ढोल. ढोलात कच्ची हळद भरायची, खालून वाफ सोडायची. आमच्या डोंगरकडा गावात या दिवसांत कुकरचा नंबर लावावा लागतो. नंबर हुकला तर शेतातून काढलेली हळद ढिगातच नासायला लागते. आमचा नंबर सहावा होता. पुढच्यांची काढणी रखडली म्हणून तो चौथ्यावर आला. मी भिंतीवरच्या यादीत खाडाखोड केली, कामाच्या बायकांना फोन लावले, पोती मोजून ठेवली. मग पहिली वाफ सुटली आणि तो वास आला. ओली माती, कापूर आणि उकडलेलं रताळं एकत्र केलं तर येईल तसा.

"इन टाइम आला," मी म्हणाले.

"ऑन टाइम म्हण," आमचे मिस्टर म्हणाले. "सहाचा टाइम दिला होता त्यानं."

"सहाला आला असता तर ऑन टाइम. अर्धा तास उशिरा आला, पण हळद नासायच्या आत आला, म्हणून इन टाइम."

मिस्टरांनी बॉयलर चालवणाऱ्या गफूरचाचांकडे पाहिलं. "झालं सुरू, चाचा. वास आला की हिच्या अंगात इंग्रजी येतं."

गफूरचाचा हसले. "पिछले साल से आता है, मालूम है मेरेकू."

मागच्या सालापासूनच. मी सरकारी रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. इतकी वर्षं माझं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं आणि ड्यूटीच्या तक्त्यापुरतं होतं. ते चालायचंही. पण मागच्या हळदीत मी ती भाषा एखाद्या नव्या कापडासारखी बोटांत धरून पाहिली. दोन तुकडे दिसायला सारखे, पण चोळून पाहिलं की एक खरखरीत आणि एक मऊ. त्या दोन महिन्यांत मला जितकी मजा आली तितकी नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर कधी आली नव्हती.

कारण होती कविता. कविता राठोड, आमच्या वॉर्डातली चोवीस वर्षांची नर्स. गावापासून दोन किलोमीटरवर त्यांचा तांडा आहे. तिची आई झमकूबाई दर हंगामात आमच्या खळ्यावर हळद निवडायला येते. इंग्लंडातल्या एका रुग्णालयाने कविताला निवडलं होतं. इंग्रजीच्या परीक्षेतलं वाचणं, लिहिणं, ऐकणं हे सगळं तिने पहिल्याच दमात पार केलं. अडलं ते फक्त बोलणं, तेही थोडक्यात. रुग्णालयाने जागा एप्रिलच्या अखेरीपर्यंत राखून ठेवली होती. तेवढ्या वेळात एकदाच पुन्हा परीक्षा देता येणार होती आणि तारीख मिळाली ती ऐन मार्चमधली, हळदीच्या गर्दीतली.

निकालाबरोबर आलेला शेरा घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मला आधी हसूच आलं. व्याकरण ठीक, उच्चार ठीक, पण रुग्णाशी बोलताना सूर काही ठिकाणी कठोर वाटतो, असं लिहिलं होतं. कविता आणि कठोर! सुई टोचण्याआधी जिचेच डोळे मिटतात ती पोरगी.

"काय बोलली होतीस तू? शब्दन् शब्द सांग," मी म्हणाले आणि वही उघडली.

"गुड मॉर्निंग म्हणाले. मंग इचारलं, व्हॉट इज युअर प्रॉब्लेम."

"मग? आपण तेच विचारतो की."

आपण तेच विचारतो हे खरं होतं. आमच्या वॉर्डात निम्मे डॉक्टर तसंच विचारतात. पण मी फोनवर इंग्रज परिचारिकांच्या संभाषणाच्या ध्वनिफिती लावून ऐकल्या, लिहून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. तिकडे 'व्हॉट इज युअर प्रॉब्लेम' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला 'तुझं काय बिघडलंय रे?' असं ऐकू येतं, बांधावर भांडायला उभं राहिल्यासारखं. 'व्हॉट्स द मॅटर' म्हटलं की 'काय होतंय?' 'व्हॉट्स रॉन्ग' म्हणजे काळजी, आणि त्याच्यापुढे नुसतं 'विथ यू' जोडलं की टोमणा. दोन शब्दांनी माणूस जवळचा लांब जातो.

मी खुर्चीतून उठलेच. "कविता, तू नापास झालीच नाहीस. तू फक्त बांधावर उभी राहिलीस!"

त्या दिवशी माझ्या वहीत पहिली जोडी लिहिली गेली. पुढे रोज एक, कधी दोन. नियम असा की जोडी दिसायला बहिणी-बहिणींसारखी हवी आणि वागायला सासरमाहेरासारखी. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर तिचा आपल्याकडचा प्रसंग. प्रसंग सापडला नाही तर जोडी कच्ची समजायची.

दुसऱ्याच दिवशी कविता सांगत आली की तिने ओळख करून देताना 'आय पास्ड आऊट इन ट्वेन्टी ट्वेन्टी-टू' असंही म्हटलं होतं. आपल्याकडे कॉलेजातून बाहेर पडलेला प्रत्येक जण पास आऊट होतो. तिकडे पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणं. आणि 'पास्ड अवे' म्हणजे तर वारलाच.

"म्हंजे मी त्यान्ला सांगितलं की नर्सिंग करून मी चक्कर येऊन पडले," कविता म्हणाली.

"ते काही फार खोटं नाही," मी म्हणाले. नाइट ड्यूट्या मीच लावते, मला माहीत आहे.

अभ्यासाला वेळ कधी, हा प्रश्न होता. ड्यूटी आठ तासांची, येणं-जाणं जीपने, आणि सुटीच्या दिवशी तिला आईबरोबर आमच्या खळ्यावर हळद मोडायला यावं लागायचं. मग मी शाळाच खळ्यावर नेली. शिजलेल्या हळदीच्या ढिगाभोवती बायका गोल बसायच्या, गड्डे वेगळे आणि हळकुंडं वेगळी करत. मी वही मांडीवर घेऊन मधोमध. फेब्रुवारीचं ऊन, पाठीला पदर, सगळ्यांची बोटं पिवळीजर्द. या दिवसांत आमच्या भागात कावीळ ओळखायची तर तळहात बघून चालत नाही, डोळेच बघावे लागतात. नव्या डॉक्टरला हे मीच सांगते, नाहीतर तो निम्म्या गावाला रक्त तपासायला पाठवतो.

सगळ्यात मोठा धक्का दिला तो 'स्टॉप्ड' या शब्दाने. 'ही स्टॉप्ड टु ब्रीद' म्हणजे चालता चालता तो श्वास घ्यायला थांबला. 'ही स्टॉप्ड ब्रीदिंग' म्हणजे श्वासच थांबला. मी दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचली. पहिल्या वाक्यावर आपण खुर्ची पुढे करतो. दुसऱ्यावर ऑक्सिजनकडे धावतो. शेवटच्या शब्दाचं रूप तेवढं वेगळं. 'आय रिमेंबर्ड टु गिव्ह द इंजेक्शन' म्हणजे आठवणीने दिलं. 'आय रिमेंबर गिव्हिंग' म्हणजे दिल्याचं आठवतंय. ड्यूटी सोपवताना या दोन्हींतला फरक मला मराठीतही पाहिजे असतो आणि अनेक वर्षं मी त्यासाठी पोरींना रागावत आले होते. इथे भाषेनेच तो करून ठेवला होता! मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना उभं करून तो सांगितला. दोघी जांभया देत होत्या. कविताने मात्र वही पुढे केली.

झमकूबाईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण कान आमच्याकडे असायचा. तांड्यावर घरात त्यांची वेगळी बोली, गावात मराठी, बाजारात हिंदी. तीन भाषांत भाव करणाऱ्या बाईला चौथीचं काय भय? ऑन टाइम आणि इन टाइमची जोडी मी सांगत होते, दोन्हींचा अर्थ वेळेवरच, फरक कसा सांगावा कळेना. झमकूबाई हळकुंड मोडता मोडता म्हणाली, "सोपं हाय की. एक म्हंजे बराबर टायमाला. दुसरं म्हंजे टाइम सरायच्या आत."

मी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

"लिवलं का, बाई?" ती म्हणाली. "मंग माझी बी फी द्या, एक चहा."

"चहा घेता का?" मी विचारलं.

सगळ्या बायका हसल्या. कविता सगळ्यांत जोरात.

"काय झालं?"

"सिस्टर, 'घेता का' काहून म्हणता?" कविता म्हणाली. "'चहा घेता का' म्हणलं की माणूस नको म्हणतो. ज्याला द्यायचा असतो त्याला 'चहा घ्या' म्हणतात. आपल्यात बी तसंच हाय की! 'बसा' म्हणलं तर माणूस उभ्या उभ्या बोलून जातो. 'बसा की' म्हणलं तर टेकतो."

मी वही मिटली. इतके दिवस मी हे फरक परदेशी माल समजून, काचेच्या बरणीत ठेवल्यासारखे दाखवत होते आणि ते आमच्या ओसरीवर कधीचे लोळत होते. शेजारचा म्हातारा गेला तर आपण 'मेला' म्हणत नाही. 'वारले' म्हणतो, आणि तो फारच लाडका असेल तर 'गेले हो' म्हणून गप्प बसतो. 'बघू' म्हटलं की नाही, 'बघतो' म्हटलं की बहुतेक नाही, आणि 'बघतोच' म्हटलं की आता काहीतरी होणार. हे कुणी शिकवलं आपल्याला? त्या दिवसानंतर कविताचा वेग असा वाढला की मला पुढच्या जोड्या शोधायला पहाटे उठावं लागायचं. 'फ्यू' म्हणजे जवळपास नाहीतच, 'अ फ्यू' म्हणजे आहेत थोडे. 'फ्यू पीपल केम' हे नाराज वऱ्हाडाचं वाक्य, 'अ फ्यू पीपल केम' हे समाधानी वऱ्हाडाचं. 'यू हॅड बेटर टेक रेस्ट' ही सासऱ्याची तंबी, 'इट वुड बी बेटर टु रेस्ट' हा शेजारणीचा सल्ला. 'ऑफ कोर्स' म्हणजे हो, पण चुकीच्या जागी म्हटलं तर 'एवढंही कळत नाही का?' ती एकेक जोडी उचलायची आणि तिचा प्रसंग माझ्याआधी सांगायची.

एकाच गोष्टीवर आमचं जमेना. तिकडची माणसं 'नो, थँक यू' म्हणाली की तिथे पूर्णविराम, पुन्हा विचारायचं नाही, असं मी वहीत लाल शाईने लिहिलं होतं. आपल्याकडे पहिला नको मोजत नाहीत. दुसरा नको रीतीचा, तिसऱ्यालाही पानात भाकरी पडतेच. तिकडे दुसऱ्यांदा विचारलं तर तो आगाऊपणा. "पेशंट नाही म्हणाला की मुद्दा सोडायचा आणि पुढच्यावर जायचं," मी दहा वेळा घोकून घेतलं. कविता मान हलवायची, पण तिचं मन मान हलवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

परीक्षा खळ्याला लागूनच असलेल्या आमच्या घरातून द्यायची ठरली, कारण तांड्यावर नेटवर्क टिकत नाही. माझी यादी तयार होती. इन्व्हर्टर भरलेला, पंखा बंद, दारावर चिठ्ठी, कोंबड्या टोपलीखाली, शेजारच्या घरातला मिक्सर बारापर्यंत मना. परीक्षा अकराला होती. आमच्या उरलेल्या हळदीचा नंबर त्याच दिवशी दुपारी तीनचा. मध्ये भरपूर वेळ.

सव्वादहाला ट्रॅक्टरचा आवाज आला. पुढच्या दोन शेतकऱ्यांची हळद निघाली नव्हती, म्हणून गफूरचाचा थेट आमच्याकडे. आधी आलेला नंबर इकडे कुणी परत लावत नाही. परत लावला तर बारा दिवसांनी येणार, तोवर ढिगाचं खत झालेलं. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी ढिगाकडे पाहिलं, ढोल भरायला घेतले.

"पण अकरा वाजता आवाज नको," मी म्हणाले. "एकही नको. वीस-पंचवीस मिनिटं."

"मॅडम, लोगों को चूप करता मैं," गफूरचाचा म्हणाले. "भाप को कैसे समझाऊँ?"

वाफेला समजवायचं काम त्यांनीच केलं. झडप एकदम न उघडता बोटभर बोटभर उघडत गेले, घामाने निथळत. कविता आत गेली, दार लागलं. कानाला हेडफोन असल्यामुळे बाहेर फक्त तिचाच आवाज येणार होता. खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम होता. खिडकीखालच्या ओट्याबद्दल नियमात काही नव्हतं. मी तिथे बसले.

आधी तिकडच्या बाईने तिला दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे धरायला सांगितले असावेत, हातावर काही लिहिलेलं नाही ना हे बघायला. कविताचा आवाज आला, अगदी शांत. "नो, मॅडम, नथिंग इज रॉन्ग विथ माय हँड्स. इट इज अवर टरमरिक सीझन." मी तोंडात पदर कोंबला.

मग संवादाचा भाग सुरू झाला. परीक्षक बाई रुग्ण होणार आणि कविता नर्स. "व्हॉट वुड यू लाइक मी टु कॉल यू?" बरोबर. "इज देअर एनीथिंग वरींग यू अबाउट गोइंग होम?" छान, बाळा, छान. मी बोटांवर मुद्दे मोजत होते. तिसरा मुद्दा, चौथा. आणि मग आतून काहीच नाही.

मी घड्याळ पाहिलं. पाच सेकंद. दहा. नेट गेलं? खिडकीतून राउटरचा हिरवा दिवा दिसत होता. पंधरा. त्याच क्षणी खळ्यावर पहिला ढोल तयार झाला. वरच्या फटीतून वाफेचा पांढरा खांब सरळ वर निघाला. आता लगेच रिकामा केला नाही तर हळद जास्त शिजणार, तिचा रंग मरणार. ढोल पालथा केला की लोखंडावर लोखंड आपटून असा दणका होतो की फाट्यापर्यंत ऐकू जातो. मिस्टर जागच्या जागी उभे. झमकूबाईने खाली पोत्यांवर पोती अंथरली, हाताला गोणपाट गुंडाळलं आणि ढोलाची कड खांद्याजवळ धरली. दुसऱ्या बाजूला चौघी. वाफाळणारी हळद त्यांनी तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं तशी हळूहळू खाली उतरवली. भाजत होतं, त्यांचे ओठ आवळलेले दिसत होते. आवाज झाला तो फक्त पानांवरून सर उतरावी एवढा.

आत कविता बोलली. हळू. "आय विल जस्ट सिट हिअर फॉर अ मिनिट. यू डोन्ट हॅव टु टॉक."

आणि पुन्हा गप्प!

बोलण्याच्या परीक्षेत पोरगी रुग्णाला सांगते की बोलू नका, आणि स्वतःही बोलत नाही. एप्रिल गेला, जागा गेली. मग कितीतरी वेळाने तिचा आवाज आला, "येस... येस. हाऊ मेनी स्टेअर्स?"

दार उघडलं तेव्हा मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "गप काहून बसलीस? काय म्हणाली होती ती?"

"ती म्हातारी, मांडीचं हाड मोडलेली. एकटी राहती. घरी मदतीला बाई लावू का म्हणलं, तर म्हणाली, आय विल मॅनेज."

"म्हणजे नको म्हणाली. मी काय लिहिलं होतं? मुद्दा सोडायचा!"

"'आय कॅन मॅनेज' म्हणली असती तर सोडला असता, सिस्टर. म्हंजे जमतंय मला. ही म्हणाली विल. म्हंजे करीन कसं तरी. आवाज बी तसाच होता."

"अगं, ती नाटक करत होती! पगारी बाई आहे ती!"

"असंल. पर मला काय माहीत, नाटकात तरी तिला बरं होतं का?" मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "आपल्या वॉर्डात डॉक्टर राऊंडला आले की सगळे 'बरं हाय साहेब' म्हणतात. डॉक्टर गेल्यावर तुमी काय करता?"

मी काय करते? मी स्टूल ओढून बसते. औषधाचा कागद वाचत असल्यासारखं करते, उशी सारखी करते, काही विचारत नाही. आमच्याकडची माणसं डॉक्टरसमोर दुखणं सांगणं म्हणजे तक्रार करणं समजतात. ती तकलीफ गिळतात. पण कुणी नुसतं शेजारी बसलं तर दोन-तीन मिनिटांत म्हातारा भिंतीकडे बघत म्हणतो, "रातभर डोळा न्हाई लागला, बाई." हे मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. कुठल्या यादीत लिहिलं नव्हतं. कविताने ते दोन वर्षं नुसतं पाहिलं होतं.

"मंग ती बोलली," कविता म्हणाली. "जिना चढायचं भ्याव वाटतं म्हणाली. नवरा त्याच जिन्यावर पडून गेला होता."

मी वहीतलं लाल शाईचं पान उघडलं. खोडावं की ठेवावं ते कळेना. तसंच ठेवलं. नियम बरोबर होता, फक्त मी तो घाईत पाळायला सांगितला होता.

निकालाला सोळा दिवस होते, हळद वाळायला लागतात साधारण तेवढेच. रोज सकाळी हळद पसरायची, संध्याकाळी झाकायची, आणि मधल्या वेळात कुणी निकालाचं नाव काढायचं नाही. सतराव्या दिवशी पॉलिशचा ढोल सुरू होता. वाळलेली हळद जाळीच्या ढोलात घालून मोटरवर गरगरा फिरवतात, साल झडतं, कळा चढते, आणि आसमंतात पिवळी धूळ अशी उठते की दोरीवरचे माझे पांढरे युनिफॉर्म हळदीच्या नवरीसारखे होतात. त्या धुळीतून कविता पळत येताना दिसली. तोंड हलत होतं, हात हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहून ओरडली, मी कानामागे हात धरला. मग ती सरळ मोटरकडे गेली आणि बटण बंद केलं. ढोल आपल्याच वेगाने फिरत राहिला, मग सावकाश, मग आणखी सावकाश, आतली हळकुंडं एकेक करून खाली बसली, आणि सगळं शांत झालं.

"निघालं," ती पुटपुटली. "बोलणं निघालं. काठावर न्हाई, सिस्टर. चांगलं निघालं."

मी काय केलं ते मिस्टर अजून सगळ्यांना सांगतात. मी म्हणे पोत्यावर चढून टाळ्या वाजवल्या. असेल. गफूरचाचांनी ट्रॅक्टरचा भोंगा वाजवला. बायकांनी मूठ मूठ हळदीची धूळ कविताच्या गालांना फासली. झमकूबाई तेवढी जागेवरून उठली नव्हती.

"म्हंजे जाती आता?" तिने विचारलं.

"व्हय," कविता म्हणाली.

"मंग मोटर काहून बंद केली? चालू करा. दिवस मावळायच्या आत ढोल निघाला पाह्यजे."

मोटर पुन्हा सुरू झाली. त्या आवाजात कोण हसत होतं आणि कोण रडत होतं हे कुणालाच ऐकू आलं नाही आणि धुळीत दिसलंही नाही.

कविता पावसाळ्याच्या शेवटी गेली. दर रविवारी फोन येतो. आता जोड्या तीच मला पाठवते, आणि तिच्या जोड्या माझ्यापेक्षा ताज्या असतात. 'आय ॲम नॉट टू बॅड' म्हणजे तिकडे बरं वाटतंय, आणि 'आय मस्ट नॉट ग्रम्बल' म्हणजे खूप दुखतंय, जरा बस. माझ्या वॉर्डातल्या आणखी दोघी पोरी या महिन्यापासून खळ्यावर येऊ लागल्या आहेत. त्यांच्यासाठी नवी वही आणली.

आणि काल दुपारी, एक ढोल रिकामा झाल्यावर, अचानक कविताचा व्हिडिओ कॉल आला. रविवार नव्हता. मी दचकले. पण ती हसत होती, निळ्या युनिफॉर्ममध्ये, आणि शेजारी पिकल्या केसांची तिची वॉर्ड सिस्टर. तिला म्हणे कविताच्या आईला बघायचं होतं. मी फोन झमकूबाईसमोर धरला. झमकूबाईने पदर सारखा केला, दोन्ही पिवळे हात जोडले. तिकडच्या सिस्टरनेही जोडले, जरा वाकडे. मग ती सावकाश, मला समजावं म्हणून, म्हणाली, "प्लीज टेल हर मदर. शी इज वन ऑफ अवर्स नाऊ."

मला काय आनंद झाला! 'वन ऑफ अस' म्हणाली असती तर आमच्यातली एक, सोबतीण. 'वन ऑफ अवर्स' म्हणजे आमची, घरची. ती बाई सहज बोलून गेली असेल, पण मी तो फरक हातात धरून नाचायच्या बेतात होते. मी झमकूबाईला सगळं उलगडून सांगितलं, की ती नुसती आमच्यातली म्हणत नाही, ती आमची म्हणतेय.

झमकूबाईने हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"त्यायची कशी?" ती म्हणाली. "माझी हाय. त्या बाईला सांगा, उसनी दिली हाय. अन् आमच्यात उसनं भांडं कुणी रिकामं परत धाडत न्हाई."

कविताने तिकडे तोंडावर हात धरला. सिस्टर उत्सुकतेने माझ्याकडे पाहत होती. "व्हॉट डिड शी से?"

मी 'लेंट' म्हणून पाहिलं, 'ऑन लोन' म्हणून पाहिलं. दोन्हींत बँक दिसत होती, ओसरी दिसत नव्हती. खळ्यावरच्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"वन मिनिट, सिस्टर," मी म्हणाले, फोन मिस्टरांच्या हातात कोंबला आणि घरात पळाले. एका हातात रिकामी वाटी आणि दुसऱ्या हातात साखरेचा डबा घेऊन मी धापा टाकत परत आले, तेव्हा झमकूबाई त्या बाईला हातवारे करून दाखवत होती की भांडं केवढं आहे.